कुलपाची पूजा

डॉ. शैलजा इंगोले यांची आणि माझी पहिली भेट एका बंद दारासमोर झाली. मी अकोल्याहून संशोधनासाठी अमरावतीला आले होते. मातीतला ओलावा मोजणारे न्यूट्रॉन यंत्र कुठे मिळेल, असे विभागात ज्याला विचारावे तो म्हणे, "इंगोले मॅडमले विचारा." मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून कुलूप ओढून पाहत होत्या. मी नाव आणि विषय सांगितला. त्यांनी माझ्या हातात छातीवर लावायचा एक बॅज ठेवला आणि म्हणाल्या, "हा तुले वाचवत नाही, बरं. हा फक्त चुगली करते. वाचाचं तुह्यं तुले आहे." माझे स्वागत एवढ्यावरच आटोपले.

हे यंत्र जमीन न खणता ओलावा सांगते. त्याच्या पोटात किरणोत्सारी पदार्थाची लहानशी कुपी असते आणि ती आपल्या नातवंडांच्या काळातही निवणार नाही. म्हणून यंत्र ठेवायला सरकारी परवाना लागतो, तो वेळोवेळी नवा करून घ्यावा लागतो, आणि या सगळ्याला जबाबदार असा एक विकिरण सुरक्षा अधिकारी लागतो. विद्यापीठात हे काम कोणालाच नको असते. त्यात बढती नाही, शोधनिबंध नाही, आणि सहकाऱ्यांशी वाईटपणा मात्र फुकट मिळतो. मॅडमनी ते निवृत्तीपर्यंत सांभाळले.

त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी एका दसऱ्याविषयी लिहिणार आहे. त्या वेळच्या विभागप्रमुख सरांची याला परवानगी आहे. ही हकिकत ते स्वतः माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतात.

खंडेनवमीला शेतकरी विळे-कोयते पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. आम्ही प्रयोगशाळेत तराजू आणि सूक्ष्मदर्शक पुजायचो. त्या वर्षी मॅडम माहेरी तिवशाला गेल्या होत्या. विभागातले सर्वांत मोलाचे यंत्र कुलपात आणि साधा तराजू पाटावर, हे सरांच्या भाविक मनाला पटेना. यंत्र ठेवलेल्या कोठीची दुसरी चावी त्यांच्याकडे होती. त्यांनी यंत्राची पेटी बाहेर काढवली, लाल कापडावर मांडली, हळदकुंकू वाहिले. मग त्यांचे लक्ष भिंतीवर टांगलेल्या आमच्या बॅजांकडे गेले. कोणाच्या अंगावर किती किरणे पडली ते नोंदणारी तीही उपकरणेच. त्यांनी सगळे बॅज काढून पेटीच्या झाकणावर ओळीने ठेवले आणि प्रत्येकावर एकेक झेंडूचे फूल वाहिले. मांडलेली पूजा लगेच मोडायची नसते, म्हणून खोली बंद करून सगळे सुटीवर गेले.

सुटी संपल्यावर मॅडमनी ते दार उघडले. आधी आम्हाला बाहेर काढले, हातातल्या उपकरणाने मोजमाप घेतले, पेटी कोठीत नेली, कुलूप लावले आणि मगच बोलल्या. सुटीत तिकडे कोणी फिरकले नव्हते, त्यामुळे माणसांना काही झाले नव्हते. बॅज मात्र पेटीवर बसून इमानाने किरणे गोळा करत राहिले होते. एरवी वर्षभरात ज्यांनी कोठीचे तोंड पाहिले नव्हते, त्या सरांच्या बॅजवरही माझ्याइतकाच डोस दिसणार होता.

नेमका त्याच वेळी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज गेलेला होता. वलगावच्या प्रयोगशेतात माझा हरभरा पेरून तयार, आणि शिष्यवृत्तीचा तो शेवटचा रब्बी. आमचे घर भाजीपाला पिकवून विकणारे. बाबांनी निघतानाच बजावले होते, "यंदा झालं त झालं, नाही त वापस ये." यंत्र अडले तर मी वापसच जाणार होते.

सरांनी तोड काढली. "कुंकू सांडून बॅज खराब झाले, एवढंच लिवा ना मॅडम. त्यात खोटं काय आहे?" खोटे खरेच काही नव्हते, कुंकू सांडले होतेच. मी दाराशी उभी राहून, मॅडमनी हो म्हणावे म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते.

मॅडम म्हणाल्या, "सर, माह्या घरी नऊ दिवस घट असते. कुंकवाच्या आड मी हे नाही लपवणार. आज बॅजची चुगली दाबली, अन् उद्या खरंच कोणाले डोस बसला, त या बॅजवर भरोसा कोण ठेवन?"

त्यांनी परवाना देणाऱ्या कार्यालयाला घडले तसे कळवले. दुसरी चावी अस्तित्वात असू देणे ही आपली चूक, हेही स्वतःहून लिहिले. सरांच्या भक्तीबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. उत्तर आले ते अपेक्षेप्रमाणेच: चौकशी पुरी होईपर्यंत यंत्र वापरू नये.

मला मॅडमचा विलक्षण राग आला. मी त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं झालं, पण माह्यं वर्ष गेलं." त्या "हं" म्हणाल्या आणि कपाटात काहीतरी शोधत राहिल्या. मी रागारागाने निघून आले.

रविवारी सकाळी वलगावला पोचले, तर मॅडम माझ्या आधी शेतात. त्यांच्या हातात मातीत पिळून घालायचे लोखंडी गिरमिट होते आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झाकणाच्या डब्यांची चळत. कपाटात त्या तेच शोधत होत्या.

"काहून उभी राहून राहिली? ओलावा मोजाले यंत्रच लागते काय? धर तिकून."

यंत्र येण्याआधीची ही पद्धत: माती काढायची, वजन करायचे, भट्टीत वाळवायची, पुन्हा वजन करायचे. यंत्राने जे क्षणात होते त्याला यात दिवस लागतो. आमची काळी माती गिरमिटाला अशी धरते की एकट्या माणसाला ते उपसत नाही. हिवाळाभर मॅडम रविवारी येत राहिल्या, आणि गिरमिटाच्या दांड्याचे एक टोक त्यांच्या हातात असे. आमच्या दोघींच्या तळहातांना फोड आले. माझा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही, पण घाटे भरेपर्यंत तो उरला नव्हता.

परवाना आला तेव्हा हरभरा सोंगून झाला होता. आम्हा सगळ्यांच्या तपासण्या निर्दोष निघाल्या होत्या. माझा प्रबंध हातांनी मोजलेल्या ओलाव्यावर पुरा झाला. बाबा अकोल्याहून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांग्यांची पिशवी घेऊन मॅडमना भेटायला आले. मॅडमनी आधी विचारले, "काही काम त नाही ना, भाऊ?" नाही म्हटल्यावर पिशवी घेतली.

हा कोरडेपणा वरवरचा आहे, हे उशिरा कळते. एका सहकारी बाईंनी आपल्याला दिवस गेल्याचे त्यांच्या कानावर घातले होते. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी यंत्रावरच्या कामाचे सगळ्यांचेच वार असे बदलले की त्या बाई किरणांपासून लांब राहाव्यात. आम्ही कुरकुर केली आणि खापर मॅडमच्या विक्षिप्तपणावर फोडले. त्या बाईंचे गुपित बाईंनी स्वतः सांगेपर्यंत गुपितच राहिले.

त्या दसऱ्यानंतर आमच्याकडे खंडेनवमीला कोठी उघडत नाहीत. बाहेरून कुलपालाच हळदकुंकू वाहतात, त्यालाच फूल. पहिले फूल सरांनी वाहिले आणि ते निवृत्त होईपर्यंत तो मान त्यांचाच राहिला.

आता हे काम माझ्याकडे आले आहे. मॅडमकडून चावी घेताना मी सहज विचारले, "दुसरी कुठे आहे, मॅडम?"

"दुसरी नाही. कोणी मागितली त काहून पाहिजे, ते विचारजो. मी मागितली तरी विचारजो."

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, आणि गिरमिट पिळणारे ते हात असेच धडधाकट राहोत. विभागात वरचेवर या. चहा मी लगेच सांगेन. चावी मागितलीत, तर मात्र काहून ते विचारीन.