वनिताताई बोलत, आम्ही गप्प बसायचो

वनिताताई गेल्याचं मला सौसरच्या कार्यालयात पोचल्यावर कळलं. त्या दोन दिवस लोधीखेड्याला बहिणीकडे होत्या. सकाळी बसची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभ्या असताना एका पिकअपनं त्यांना उडवलं. चालक मोबाइलवर व्हिडिओ पाहत होता, त्यानंच कबूल केलं. पेपरात मात्र आलं, ‘वाहन अनियंत्रित झाले’. वाहन बिचारं काय करणार... ते ज्याच्या हातात होतं, त्याचे डोळे दुसरीकडे होते.

पंधरा वर्षं आम्ही दोघी पांढुर्ण्याहून एकाच खाजगी बसनं कामावर जात होतो. ताई चालकाच्या मागेच बसत आणि उतरताना त्याला शांतपणे सांगत, “दिलीपभाऊ, आज तीनदा मोबाइल पाह्यला तुमी. एकदा तं समोर बैलगाडी होती.”

“तुमी गुमान बसा ना, मॅडम.”

“बसूनच तं आहो. म्हणूनच दिसून राह्यलं.”

रोज हेच. पण ज्या दिवशी त्यानं मोबाइलला हात लावला नाही, त्या दिवशीही उतरताना ताई त्याच्यापाशी थांबल्या. “आज एकदाबी नाही. बरं वाटलं.” दिलीप पहिल्यांदा हसला. पुढे तो गाडी सुरू करण्याआधीच मोबाइल बंद करू लागला.

मग ताई बसमालकाकडे गेल्या. चालक कसा चालवतो हे प्रवाशांना कळवता यावं, म्हणून गाडीत एक फोन नंबर लिहा, एवढंच मागणं. “आता प्यासेंजर ड्रायव्हरले पास-नापास करतीन काय?” म्हणून तो हसला. त्याचा राग येतोच, पण त्याहून जास्त आमचा येतो. ताई बोलत तेव्हा गाडीभर माणसं खिडकीबाहेर पाहत. ‘रोज कशाला वाद?’ असं मीही त्यांना म्हटलं होतं...

ताईंच्या घरी पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांना श्रद्धांजली वाहण्याच्या, कार्यक्रमाला दिलीप आला. बराच वेळ दारातच उभा होता. “मले टोकणारं कोणी तं होतं,” तो म्हणाला. “त्या पिकअपवाल्याले कोणी टोकलंच नसंन.” शेजारी कुणीतरी पुटपुटलं, नशिबात होतं. मला तिथं बसवेना.

गेल्या आठवड्यात दिलीप रजेवर होता. गावाबाहेर पडताच नव्या चालकानं फोन कानाला लावला. मी उठून त्याच्या सीटमागे गेले.

“भाऊ, फोन ठेवा.”

“अर्जंट हाये, बाई.”

“मंग गाडी उभी करा अन् बोला. आमी थांबतो.”

त्यानं गाडी कडेला घेतली. मागून एक जण करवादला, “फुकट टाइम खाऊन राह्यल्या.” बाकीचे खिडकीबाहेर पाहत होते. सौसर येईपर्यंत मी बसले नाही.