दुसऱ्या नळीतलं पाणी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी औशात घरी पाणीच भरत होते. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. अंथरूण धरलं नाही, कुणाकडून करून घेतलं नाही... रडता रडताच मला हायसं वाटलं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. नांदेडला एका खासगी दवाखान्यात सिस्टर होत्या. दुष्काळात टँकरचं पाणी गढूळ यायचं, म्हणून पेला खिडकीच्या उजेडात धरून मगच तोंडाला लावायची सवय त्यांना लागली. पुढे घरात नळ आला तरी ती सुटली नाही. "अक्का, पाणी बघायलात का सोयरिकीला पोरगी?" असं मी चिडवायची.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, पण मला हवी ती तपासणी नांदेडलाच होती. माझा पहिला मुलगा जन्मतःच दोष घेऊन आला आणि सव्वा वर्षात गेला. पुन्हा दिवस राहिले, तर जुळं! दोघांनाही तो दोष नाही ना, एवढंच मला कळायला हवं होतं. पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढायचं. दोन पिशव्या, दोन नळ्या. एकाच पिशवीत दोनदा सुई जाऊ नये म्हणून पहिलं पाणी काढल्यावर त्या पिशवीत निळा रंग सोडत. दुसऱ्या सुईला स्वच्छ पाणी आलं, की पिशवी दुसरी.

दुसरी नळी भरली. मुंबईहून आलेले डॉक्टर "झालं" म्हणत हातमोजे काढू लागले. अक्कांनी सवयीने नळी खिडकीकडे धरली.

"साहेब, ह्यात निळी झाक हाय."

"भास होतोय तुम्हाला, सिस्टर."

"न्हाई. तुमीच बघा."

डॉक्टरांनी पाहिलं आणि मान्य केलं. पुन्हा टोचण्यात धोका आहे, हेही त्यांनी सांगितलं.  अक्का माझ्या कानाशी वाकल्या. "सुमन, एकाच लेकराचं पाणी दोनदा निघालंय. दुसरं तसंच ऱ्हायलंय. टोचू का नको, तू सांग."

मी "टोचा" म्हटलं. या वेळी पाणी स्वच्छ आलं.

नळ्या तपासायला मुंबईला गेल्या; तिथला कागद यायला तीन आठवडे लागले. तोवर मला घास गोड लागला नाही. अक्का स्वतः एसटीने आल्या आणि उंबऱ्यातूनच ओरडल्या, "दोघं बी चांगले हाईत! आता जेव." मी त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले, आणि मग खरंच दोन भाकरी खाल्ल्या. मुलगा की मुलगी, हे त्यांनी कुणाला विचारूही दिलं नाही. दोन्ही मुली झाल्या.

अक्कांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, दोघी लेकी नांदेडला आल्या होत्या. अक्कांच्या खोलीत कुणीतरी दोघींना पाणी आणून दिलं. पुन्हा टोचून भरलेली ती दुसरी नळी दोघींतल्या कुणाची होती, हे आम्हाला आजवर ठाऊक नाही... दोघींनीही आपापला पेला खिडकीकडे धरला.