कागदावरचे बुडबुडे

टेंभुर्णीत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारीची जळालेली तार काढायची आणि नवी गुंडाळायची, एवढंच काम. तीस वर्षं झाली. खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय. मोटार उघडली की जळक्या वार्निशचा वास अंगाला चिकटतो आणि जेवताना भाकरीलाही तोच वास येतो. उन्हाळ्यात दुकानासमोर मोटारींची रांग लागते, प्रत्येकाला आपली आजच पाहिजे असते. मी प्रत्येकाला उद्या म्हणतो.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे मालक. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. विहिरीत पडलेल्या मोटारी काढणं हा त्यांचा धंदा. दोर तुटून मोटार तळाच्या गाळात जाऊन बसली की शेतकरी माझ्याकडे येतो आणि मी दाजींना फोन करतो. छातीत दम भरून ते बुडी मारायचे, तळाला हाताने चाचपून मोटार शोधायचे, तिला साखळीचा आकडा लावायचे आणि वर यायचे. मग चेन पुलीने ओढून काढायचं काम आमचं. त्यांच्या वडिलांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, तोंड पाण्याबाहेर निघेपर्यंत दम सोडायचा नाही. ती त्यांनी चाळीस वर्षं पाळली.

त्यांच्या कमरेचा दोर माझ्या हातात असायचा. दाजी पाण्याखाली गेले की मीही काठावर श्वास धरायचो. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं, आपोआप व्हायचं. माझा श्वास संपला की दुसरा घ्यायचा, दुसराही संपला की दोर ओढायचा, हे माझं घड्याळ. इतक्या वर्षांत ओढायची वेळ दोन-तीनदाच आली. वर आले की माझं लाल तोंड बघून ते हसायचे. "मिस्तरी, बुडी मी मारली का तू?" असं म्हणायचे आणि पायरीवर बसून पाणी झटकायचे.

साठीजवळ आले तसा त्यांचा दम कमी पडायला लागला. एका बुडीच्या कामाला तीन-तीन बुड्या लागायला लागल्या. एका विहिरीतून ते चार वेळा रिकाम्या हाताने वर आले. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याने भोकरदनकडचा कोणी माणूस आणला. ते कळल्यावर दाजी दिवसभर माझ्या दुकानात बसून होते, चहाही घेतला नाही. आक्का म्हणत होती, बस झालं आता, घरी बसा. दाजींना घरी बसायचं नव्हतं. घरी बसून काय करू, असं ते मला विचारायचे. शेवटी मी फोन काढला आणि पाण्याखाली श्वास घ्यायचं काही मिळतं का ते शोधलं.

फोनवर ती सापडली. हातभर लांबीची पिवळी टाकी, तिला तोंडात धरायची रबरी नळी, नळीवर हवा सोडायचं बटण, हवेचा काटा आणि हाताने हवा भरायचा पंप. नाव असलेल्या कंपन्यांच्याही टाक्या होत्या, पण त्यांच्या किमतीत दोन नव्या मोटारी आल्या असत्या. हिच्यावर कंपनीचं नावच नव्हतं, नुसतं 'प्रो' छापलेलं होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं. एकाची मुलं स्विमिंग पूलमध्ये खूश होती. एकाला पॅकिंग आवडलं होतं.

आता मी कोण? शेतकरी बाजारातून हलकी, बिननावाची केबल घेऊन आला की मी त्याची चारचौघांत बिनपाण्याने करतो. तांब्याची तार मी नखाने खरवडून, वजन करून घेतो. आणि आक्काच्या नवऱ्याच्या तोंडात द्यायची वस्तू मी पॅकिंग चांगलं आहे म्हणून मागवली. याला मूर्खपणा म्हणतात, आणि तो माझा एकट्याचा.

आक्काने खोकं हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"कोणत्या कंपनीचं हाय रे हे?"

"चांगलं हाय, आक्का. चार स्टार हायेत त्याला."

तिने खोकं खाली ठेवलं. मी बारावी शिकलेला, फोनवर सगळं करणारा भाऊ. तिने विश्वास ठेवला.

खोक्यात एक कागद होता. सगळं चिनी लिहिलेलं, शेजारी छोटी चित्रं. आम्ही दोघांनी ती बघितली. एका चित्रात माणूस टाकी तोंडाला लावून वर चाललेला, तोंडातून बारीक गोळे निघालेले. दाजींनी त्यावर बोट ठेवलं. "बघ, किती मजेत चाल्लाय," म्हणाले. मग तो कागद मी बेअरिंगच्या ग्रीसखाली अंथरला.

हवा भरताना आम्हा दोघांचा घाम निघायचा. पंप मारून मारून काटा हिरव्या पट्ट्यात आला की थांबायचं. आधी हौदात बसून बघितलं, मग दोन उथळ विहिरींत. चाललं. दाजी तळाला आरामात बसून काम करायला लागले. वर बुडबुडे येत राहायचे आणि खाली सगळं ठीक आहे हे मला दिसायचं. मला श्वास धरायची गरज उरली नाही. मी काठावर उभा राहून लोकांशी गप्पा मारायला लागलो.

मग पिंपळगाव रेणुकाईकडून फोन आला. मे महिना होता. मिरचीची रोपं लावून आठ दिवस झालेले, आणि मोटार तळाला. दोन दिवस पाणी नाही मिळालं तर रोपं जातील, असं शेतकरी सांगत होता. विहीर नवी, खोल, पंचवीसेक फूट पाणी. दाजींनी काटा बघितला, हिरव्यात होता. ते खाली गेले.

मी शेतकऱ्याशी मिरचीच्या भावावर बोलत होतो. दोर हातात होता, पण लक्ष दोरावर नव्हतं, हे मी इथे लिहून ठेवतो. मध्येच शेतकरी म्हणाला, "मिस्तरी, बुडबुडे बंद झाले बघा."

मी खाली बघितलं. पाणी एकदम स्वच्छ, स्थिर. दोर ओढायच्या आत दाजींचं डोकं वर आलं. तोंडात नळी नव्हती. त्यांनी एका हाताने कपार धरली, दुसरा हात छातीवर. "आकडा लागला," एवढं बोलले. मग थुंकले, तर थुंकी गुलाबी. मोटार ओढायला आणलेल्या चेन पुलीने आम्ही आधी दाजींना वर काढलं.

जालन्यापर्यंतचा रस्ता त्या दिवशी संपेचना. जीपमध्ये ते माझ्या खांद्याला टेकून बसलेले, श्वास अर्धाच येत होता. मी बोलू नका म्हणत होतो, पण त्यांना सांगायचंच होतं.

"आकडा लावला अन् तोंडात पाणी येऊ लागलं रे. एक घोट हवा, एक घोट पाणी. मंग ते बटन दाबून छातीभर हवा घेतली, नळी थुंकली अन् वर आलो. बराबर आल्तो. दम बिलकुल सोडला न्हाई मी." माझा हात धरून पुन्हा म्हणाले, "सोडला न्हाई. मंग छातीत काय झालं?"

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "समुद्रावर गेले होते का?" जालन्यात बसून हा प्रश्न. मी विहीर म्हणालो, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग नीट समजावून सांगितलं. काठावर भरलेला दम खाली जाताना दाबला जातो आणि वर येताना होता तेवढाच होतो, त्याने काही होत नाही. पण टाकीतली हवा खाली, दाबाखाली छातीत घेतलेली असते. वर यावं तशी ती फुगते. म्हणून वर येताना श्वास सोडत सोडत यायचं असतं. यांनी धरून ठेवला, फुफ्फुस फाटलं, हवा छातीत शिरली. ती काढायला छातीत नळी टाकावी लागेल.

दाजी डोळे उघडे ठेवून ऐकत होते.

"म्हंजे सोडायचा असतो?" त्यांनी विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले.

चाळीस वर्षं ज्या एका गोष्टीने त्यांना जिवंत वर आणलं, तिनेच छाती फाडली, आणि ती टाकी त्यांच्या हातात मी दिली होती. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर जाऊन बाकड्यावर बसलो आणि रडलो.

आक्का आली ती चुलीपुढून उठून तशीच आली होती. मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "चार स्टार होते ना रे?"

दुकानात परत आलो तेव्हा ग्रीसखालचा कागद काढला. पुसला. ते चित्र अजून दिसत होतं. वर चाललेला माणूस, तोंडातून निघणारे गोळे, शेजारी वर जाणारा बाण. ते गोळे म्हणजे बुडबुडे होते. सगळी गोष्ट त्या गोळ्यांतच सांगितलेली होती, आणि आम्ही ते शोभेचे समजलो. नाव असलेल्या कंपनीने हे मराठीत लिहून दिलं असतं का, ते मला माहीत नाही. निदान घेण्याआधी कोणाला तरी विचारता आलं असतं. मला विचारायचं सुचलं नाही, कारण मला वाटत होतं मला कळतं.

शेतकऱ्याने मोटार ओढून काढली तेव्हा टाकीही साखळीत अडकून वर आली. त्याने ती दुकानात आणून दिली. उघडून बघितली, हवा जराही नव्हती. काटा मात्र हिरव्यातच. मी टिचक्या मारल्या, तो हलला नाही. विकणाऱ्याला लिहायला गेलो तर त्याचं पानच गायब. तीच पिवळी टाकी वेगळ्या नावाने होती, याही वेळी चार स्टार. नंतर कित्येक दिवस फोन मला विचारत राहिला, तुमची खरेदी कशी वाटली? एकदा मी सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, तुमचा अभिप्राय नियमांत बसत नाही. पुन्हा लिहायचं त्राण राहिलं नाही.

दाजी वाचले. नळी निघाली, महिनाभराने घरी आले. डॉक्टरांनी सांगितलंय, पाण्यात पुन्हा उतरायचं नाही. आता विहिरीचा फोन आला की मी भोकरदनच्या त्याच माणसाचा नंबर देतो. दाजी समोर असले तर बाहेर जाऊन देतो.

दुपारी ते दुकानात येतात. नट-बोल्ट आकारानुसार वेगळे करून डब्यांत टाकतात, तेवढंच काम त्यांनी मागून घेतलंय. दुकानाला तीन पायऱ्या आहेत. पहिली चढून ते थांबतात, दुसरीवर भिंतीला हात लावतात. मी तार गुंडाळत असतो, मान वर करत नाही. पण ते पायरीला लागले की माझा श्वास आपोआप धरला जातो. तिसरी पायरी येईपर्यंत पहिला संपतो, मी दुसरा घेतो.

परवा ते खुर्चीत बसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते जुनंच विचारतील, बुडी मी मारली का तू, आणि हसतील.

"सोड रे," ते म्हणाले. "आलो मी वर."