वरचा बाण, खालचा बाण

भिवपुरीजवळच्या भिवाजीला आयुष्यभर एकच गोष्ट पटलेली: जास्त ते चांगलं. खत दुप्पट टाकायचं, भजनात आवाज सगळ्यांच्या वर काढायचा, बाजारात दुधी न्यायचा तो शेजाऱ्याच्या दुधीपेक्षा हातभर लांब. मग तो आतून जून निघाला तरी बेहत्तर. लोक हसत, आणि भिवाजी त्यालाच कौतुक समजे.

गेल्या दिवाळीनंतर गावात आरोग्य शिबिर भरलं. भात कापताना तळपायात काटा मोडल्यापासून त्याचा पाय सुजला होता, पण तपासायला रक्त दिलं ते पायासाठी नव्हे. फुकट होतं म्हणून. बायकोला, इंदूबाईलाही सोबत बसवलं.

कागद हाती आले. भिवाजीच्या पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत हव्या होत्या, त्या भरल्या एकोणीस हजार. आकडा ठळक, पुढे वर जाणारा बाण. इंदूबाईचं हिमोग्लोबिन बाराच्या पुढे हवं, ते साडेसहा, आणि बाण खाली. दोन्ही कागदांच्या तळाशी 'ताबडतोब डॉक्टरांना दाखवा' असं छापलेलं. भिवाजीनं आपला कागद डॉक्टर सोडून साऱ्या गावाला दाखवला.

"पांढऱ्या पेशी म्हंजे अंगातलं सैन्य," तो चहाच्या टपरीवर सांगे. "तुमचं आठ हजार, माझं एकोणीस. आता बोला! आमची ही मात्र नापास हाय." एवढं सैन्य गोळा झालंय तर लढाई कुठे चाललीय, हा प्रश्न काही त्या थोर सेनापतीला पडला नाही.

इंदूबाई हसल्यासारखं करी आणि कामाला लागे. अंगण झाडताना मध्येच भिंतीला टेकून उभी राही. भिवाजीच्या लेखी तो आळस. त्याच्या पायाला शेक द्यायला मात्र तीच लागे.

मग त्याला ताप चढला, पाय टेकेना. मुलगा जितेश रसायनीला कारखान्यात पाळीवर. इंदूबाईनंच रिक्षा बोलावली, दोन्ही कागद पिशवीत घातले आणि कर्जतच्या दवाखान्याचा जिना नवऱ्याचा भार खांद्यावर घेऊन चढली. चार पायऱ्या झाल्या की थांबे.

"सारखी थांबतेस काय गं?" भिवाजी खेकसला.

"दम लागतोय वो जरा."

डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला. "आत पू झालाय, काका. जंतूंशी लढायला या पेशी वाढल्यात, बक्षीस नाही मिळालं तुम्हाला. पू काढू, औषध देऊ, उतरतील." भिवाजीचा चेहरा पडला. एकोणीस हजार हातचे जाणार होते.

बाईंनी दुसरा कागद उघडला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "साडेसहा? अहो, लाल पेशींतलं हे हिमोग्लोबिनच अंगभर प्राणवायू पोचवतं. ते इतकं कमी म्हणजे हृदयावर केवढा ताण! यांना आधी भरती करा, रक्त चढवावं लागेल. आणि जिना कसा चढू दिलात यांना? यांच्यासोबत कोण आहे?"

भिवाजीनं वळून पाहिलं. इंदूबाई भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरेफटक, मांडीवर त्याच्या चपला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच हाय," तो म्हणाला. बाई अजून उत्तराची वाट पाहत होत्या, म्हणून पुढचंही सांगावं लागलं. "पन मला वर तिनंच आनलं."