अण्णांचा चुकलेला लाल

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच रंग चुकवला, आणि तो आमच्या पोर्चमध्ये उभा आहे.

आज अण्णांना जाऊन एक वर्ष झालं.

अण्णा मूळचे मंद्रूपचे. तरुणपणी सोलापूरला मिलमध्ये लागले आणि सूत रंगवायच्या खात्यात मास्तर झाले. समोर कुठलाही रंग धरा, अण्णा तो जसाच्या तसा काढून देणार.

मग मिल बंद पडली. त्या नजरेचं कुणाला काही काम उरलं नाही.

साधं शर्टाचं बटण आणायला गेले तरी दुकानदाराशी शेडवरून वाद घालायचे. आम्ही हसायचो. डोळे अजून ड्युटीवरच होते बिचारे.

आणि एक दिवस ती गाडी आली.

जुनी विलायती स्पोर्ट्स कार. दोनच सीट, छप्पर नावाला. एकेकाळी मिलच्या मॅनेजरची होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती गेटातून आत यायची तेव्हा अण्णा तिचा लाल रंग बघत उभे राहायचे. चाळीसेक वर्षांनी तीच गाडी एका गोडाऊनमध्ये गंजलेली सापडली. भंगारवाल्याच्या आधी अण्णा टेम्पो घेऊन पोचले.

आई म्हणाली, "अवं, हिला ठिवायची कुटं?"

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात सायकल वळवायची मारामार. शेवटी गावाबाहेरच्या नव्या वस्तीत, जुळे सोलापूरला भाड्याचं घर बघितलं. लोक हॉल बघतात, किचन बघतात. आम्ही पोर्च मोजलं.

इंजिन मेकॅनिकने केलं. पत्रा ठोकून सरळ केला शेजारच्या रफीकचाचांनी. डेंटिंग-पेंटिंगमध्येच त्यांची हयात गेलेली.

पुट्टी लावणं आणि पाणी मारमारून पॉलिश पेपरने घासणं माझ्या आणि अण्णांच्या वाट्याला आलं. अख्खा हिवाळा गेला. माझ्या बोटांचे ठसे इतके झिजले की ऑफिसात थम्ब लागेना.

रंग मात्र आपणच काढणार, हे अण्णांनी आधीच जाहीर केलं होतं. डॅशबोर्डच्या मागे मूळ लाल रंगाचा एवढासा तुकडा शाबूत होता. तो मॅच करायचा.

"मशीनवर मॅच करून आणू की, अण्णा."

"मशीनीला काय कळतंय? हितं मी बसलोय की!"

आईच्या जुन्या सुती लुगड्यातून रंग गाळला. सॅम्पल मारलं, टॉवेलच्या तुकड्यावर. दोरीवर वाळत घातलं.

ओल्या रंगावर मत द्यायचं नाही, हा अण्णांचा मिलमधला नियम. "वाळल्याबिगर बोलायचं न्हाय." घराच्या भिंती असोत नाहीतर माझ्या हातावरची मेंदी, आम्ही हेच ऐकत मोठे झालो.

टॉवेल वाळला. तंतोतंत तोच लाल. अण्णांची मान काय ताठ झाली होती त्या दिवशी!

रफीकचाचा म्हणाले, "अण्णा, कपडे पे नक्को देखो. पत्रे पे मारके देखो."

अण्णांनी ऐकल्यासारखं केलं.

पोर्चला चारी बाजूंनी प्लास्टिक लावलं. धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी शिंपडलं. आईला फोडणीची बंदी. ऊन चढायच्या आत अण्णांनी स्प्रे गन चालवली आणि मग दिवसभर सगळे गप्प. आईने तोंड उघडलं की अण्णा ओल्या रंगाकडे बोट दाखवायचे.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढलं.

तो लाल नव्हताच. डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद काहीतरी झाला होता. टॉवेलने रंग पिऊन फिका दाखवला होता. पत्रा कशाला पितोय?

अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून पायरीवर बसले.

"चुकलं की गं, आक्का. डोळं गेलं माजं." मला ते आक्काच म्हणायचे.

चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मला रडूच आलं. ज्या नजरेवर माणूस उभा होता, तीच गेली असं त्याला वाटत होतं.

तीन दिवस धड जेवले नाहीत. चौथ्या दिवशी सगळा रंग खरवडायला पेपर घेऊन उभे राहिले.

तेवढ्यात आई आली आणि पदर खोचून सरळ गाडीत बसली.

"आदी मला मंद्रूपच्या बाजाराला न्या. मग काय खरवडायचं ते खरवडा."

गेले दोघं. मी मागून स्कूटरवर.

बाजारात ही गर्दी जमली. एका मेंढरंवाल्या मामांनी बॉनेटवरून हात फिरवला. "अण्णा, कलर लई भारी हाय की! कंपनीचा हाय व्हय?"

अण्णांनी बॉनेटवर उमटलेली मामांची बोटं फडक्याने पुसली.

मग म्हणाले, "न्हाय. माजा हाय."

येताना आईच्या मांडीवर कांद्याची पिशवी होती आणि अण्णा चक्क शीळ घालत होते. तो पेपर पुढे आईने तवा घासायला वापरला.

त्यानंतर सहा वर्षं त्यांनी ती गाडी मिरवली. शेवटच्या रविवारीसुद्धा तिच्यावर फडकं मारलं होतं. झोपेतच गेले, समाधानाने गेले.

आणि गेल्या महिन्यात मी ती गेटला घासली. मडगार्डचा तळहाताएवढा रंग उडाला. अण्णांच्या हातचं एवढंच तर उरलंय.

पेंटच्या दुकानात मशीनवर बघितलं. तीन वेळा तीन वेगळे शेड आले. "मॅडम, हा कलर कुठल्याच कार्डात नाही हो." असणार कसा?

मग मीच डबे घेऊन बसले. आईने लुगड्याचा उरलेला तुकडा काढून दिला. लाल, चिमूटभर काळा, परत लाल. आठ दिवस हाच खेळ. सॅम्पल मारलं बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याच्या झाकणावर. टॉवेलवर नाही, अण्णा. सॉरी.

काल सकाळी रफीकचाचांनी मडगार्डवर गन मारली. कालचा दिवस आई आणि मी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

आत्ता बघून आले. जोड शोधून सापडत नाही. आई बोट फिरवत विचारतेय, घासलं होतं ते कुठं?

अण्णा, रंग वाळलाय.

आता बोला की.