चाराचा आठ

उल्का मूळची नागपूरची, पण २००६ सालापर्यंत अलास्काच्या दलदलीत तिचे तीन उन्हाळे गेले होते. हजारो वर्षं गोठलेल्या जमिनीतला बर्फ वितळला की आत अडकलेला पालापाचोळा कुजतो आणि पृथ्वीला आणखी तापवणाऱ्या मिथेन वायूचे बुडबुडे वर येतात. डबक्यात उलटं नरसाळं बुडवून ते पकडायचे, किती मिलीलिटर भरले ते वहीत टिपायचं, ही तिची पीएचडी. डास तर असे, की नको ती पीएचडी!

त्या ऑक्टोबरात मात्र तिचे सर भलतेच खुशीत होते. जुलैच्या मोजणीत वायू आदल्या वर्षीच्या दुप्पट भरला होता. दोन वाजता फेअरबँक्स शहरातल्या परिषदेत ते हे जाहीर करणार होते, आणि लेखावर पहिलं नाव उल्काचं. डिग्री हातात आल्यातच जमा होती.

पाऊण वाजता सभागृहात बसल्या बसल्या तिने सहज वही चाळली. जुलैच्या पानावर ४०, ४२, ४३ असं चक्क मराठीत लिहिलेलं! मनात ती मराठीतच मोजायची, शाळेतल्या बाईंनी पाढेच तसे घोकून घेतले होते. लिहायची मात्र इंग्रजीत. त्या दिवशी डासांनी फोडून काढलं आणि घाईत हात जुन्या वळणावर गेला. वही टाइप करणाऱ्या मार्थाला मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसला, तिचा बिचारीचा काय दोष? दुप्पट कसलं न काय, वायू होता तेवढाच होता.

अख्ख्या सभागृहात ते पान वाचू शकेल असं दुसरं कोणी नव्हतं. गप्प बसलं तर कुणाला पत्ता लागणार? हा विचार तिच्या मनात आला, खोटं कशाला बोला. दोनला पाच कमी असताना ती उठली आणि तिने सरांसमोर वही धरली.

“सर, हा आठ नाही. आमच्याकडे ह्याला चार म्हणतात.”

सरांनी भाषण कॅन्सल केलं. आठवडाभर ते तिच्याशी बोलले नाहीत. लेख गेला, डिग्री वर्षभर लांबली.

पुढच्या जुलैत तेच डबकं, तेच नरसाळं. काठाची जमीन आणखी खचली होती. ह्या खेपेला मार्थाही सोबत आली होती. उल्काने नळी डोळ्यांसमोर धरली. ऐंशी. तिने तीनदा बघितलं, मग वहीत आकडा न लिहिता अक्षरांत लिहिलं.

“ह्या वेळी नक्की आठच ना?” मार्थाने विचारलं.

उल्काने होकारार्थी मान डोलावली. गेल्या वर्षी हाच आकडा खरा असता तर ती नाचली असती. आता तिला भीती वाटली.