कोरे राहिलेले गोल

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. आज समोरच्या गॅलरीत शेजाऱ्यांची मुलगी प्रवेशपरीक्षेची सराव उत्तरपत्रिका भरत बसली आहे. तिचं पेन एका गोलावर थांबलं आहे, खाली टेकतच नाही.

माझी लेक सुमेधा अशीच थांबायची. मेडिकलला जायचं म्हणून ती घरी सराव करायची आणि तिचे पेपर मी तपासायचो. उत्तरसूची माझ्या कपाटात कुलपात असे. तिला दीडशे गुण पडले, की मी काही बरोबर उत्तरांवरही फुली मारून एकशे वीस सांगायचो. पोरगी निर्धास्त होऊ नये, एवढाच हेतू.

"बाबा, हे तर मला नक्की येत होतं."

"येत होतं म्हणे! चुकलं की गुण कापतात, ठाऊक आहे ना?"

खऱ्या परीक्षेत तिने चाळीस प्रश्नांचे गोल कोरे ठेवले. "चुकले असते तर?" एवढंच म्हणाली. प्रवेश थोडक्यात हुकला. बाहेरच्यांनी घातलेली भीती मुलं झटकून टाकतात; बापावर मात्र त्यांचा विश्वास असतो.

"माझं डोकंच नव्हतं त्यात," असं ती अजून हसत सांगते.

समोरचं पेन हवेतच आहे. मी सुमेधाला फोन लावला.

"बाबा, बरं आहे ना सगळं?" तिने घाबरून विचारलं.

"हो गं, सहजच केला."

सुमेधा, तुझी उत्तरं बरोबर होती, मला माफ कर, हे आजही बोलता आलं नाही.